तक्त्याच्या मधोमध एक रेघ मारा

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, नमस्कार. वय ३९. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी मॅनेजर आहे, पगार ८५ हजार. बायको अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे, तिचा पगार ७५ हजार. मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजीला. आईवडील आमच्याजवळच असतात. वडील ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. व्हिएतनाममध्ये हायफाँग शहराजवळच्या एका कास्टिंग कंपनीची ऑफर आहे: महिना २,२०० डॉलर, राहायला फ्लॅट, दोन वर्षांचा करार. महिनाभर मी दोन्ही देशांची तुलना करतोय, व्हिडिओ बघतोय, एक तक्ताही केलाय, तो सोबत जोडलाय. जवळजवळ प्रत्येक ओळीत व्हिएतनाम पुढं आहे. मोठा भाऊ म्हणतो, ‘जायचं तर जर्मनीला जा, एका गरीब देशातनं दुसऱ्या गरीब देशात कशाला?’ वडील ‘जगात भारी कोल्हापुरी’ म्हणतात आणि गप्प बसतात. तुम्हीच सांगा, राहणीमान कुठलं चांगलं? सगळ्यांना घेऊन जावं का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार. तुमचा तक्ता चुकीचा नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ‘ताईंना कोल्हापूर सोडवत नाही’ असं वाटायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाच्या २०२५ च्या अहवालात १९३ देशांमध्ये व्हिएतनाम ९३ वा आहे आणि भारत १३० वा. तिथला माणूस सरासरीनं आपल्यापेक्षा अडीचेक वर्षं जास्त जगतो. दरडोई उत्पन्न आपल्या दीडपटीहून अधिक. आणि ही मजल त्यांनी एका पिढीत मारली. १९७५ ला युद्ध संपलं तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. १९८६ ला ‘दोई मोई’ या नावानं त्यांनी अर्थव्यवस्था खुली करायला घेतली, आणि १९९० च्या सुमाराला त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षाही कमी होतं. तेव्हा भावाला एवढं ऐकवायला हरकत नाही. जर्मनीचं म्हणाल तर तिथली ऑफर तुमच्या हातात नाही, त्यामुळं तो विषय इथंच सोडू.

आता तक्त्यातली गडबड. त्यात डावीकडं सगळा भारत आहे, उजवीकडं सगळा व्हिएतनाम आहे, आणि तुमचं घर कुठंच नाही.

तुम्ही भारताच्या सरासरीत राहत नाही. ऊस, दूध आणि तुमच्या फाउंड्र्या यांच्या जोरावर कोल्हापूर जिल्हा दरडोई उत्पन्नात राज्याच्या वरच्या रांगेत आहे. शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो १९१७ ला. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह यांनी निरक्षरतेविरुद्धची मोहीम उघडली ती १९४५ ला, स्वातंत्र्य जाहीर केल्या केल्या. दोन्हीकडं या कामाची फळं दिसतात, पण आपल्या देशाच्या आकड्यात कोल्हापूरचं काम उत्तरेकडच्या मोठ्या राज्यांच्या बेरजेत बुडून जातं. आणि तिकडं गेल्यावर तुम्ही व्हिएतनामच्याही सरासरीत राहणार नाही. हुद्दा मॅनेजरचा असला तरी कागदावर तुम्ही परदेशी कामगार असाल.

म्हणून तक्ता फाडू नका, त्याच्या मधोमध एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वर त्या गावात पाऊल ठेवणाऱ्या कुणालाही मिळतात त्या गोष्टी लिहा: हवा, रस्ता, पाणी, वीज, पूर. रेघेच्या खाली तिथल्या नागरिकाला मिळतात त्या: शाळा, दवाखान्याचा विमा, बाईमाणसाला नोकरी, जमीन, मत. वरच्या भागात दोन्ही ठिकाणं तुम्ही समजता तेवढी लांब नाहीत. खालच्या भागातल्या बऱ्याच ओळींत व्हिएतनाम खरंच पुढं आहे, फक्त त्यातलं तुमच्या वाट्याला फारसं काही येणार नाही.

वरचा भाग आधी उरकू. हवेच्या ओळीत तुम्ही व्हिएतनामला चांगले गुण दिलेत. देश म्हणून ते ठीक आहे, पण हायफाँग उत्तरेत येतं आणि उत्तरेतला हिवाळा धुरकट असतो. हनोई त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या शहरांच्या यादीत वर जाऊन बसतं. हायफाँग हनोईइतकं वाईट नसलं तरी त्याच मैदानी पट्ट्यातलं कारखान्यांचं आणि बंदराचं शहर आहे. शिरोलीत भट्टीजवळ उभं राहणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. नळाचं पाणी तिथले लोकही तसंच पीत नाहीत, वीस लिटरचे बाटले घरी येतात. धरणातनं पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनची इतकी वर्षं वाट बघितलेल्या कोल्हापूरकराला त्याचं नवल वाटणार नाही.

रस्त्याची गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. दहा कोटींच्या देशात घरागणिक मोटारसायकली, आणि डोक्यावर हेल्मेट नसलेला माणूस शोधावा लागतो. १५ डिसेंबर २००७ पासून तिथं हेल्मेट सक्तीचं आहे आणि ती सक्ती खरोखर राबवली गेली. २०२० पासून दारूचा एक थेंब पोटात असताना गाडी चालवली तरी दंड होतो. आपल्याकडं हेल्मेट टाकीवर नाहीतर कोपरात. तरीसुद्धा आकडे जुळवून बघा. तिथं वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात, आपल्याकडं २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांवर मेली. आपली लोकसंख्या त्यांच्या चौदापट. भागाकार केला की फार फरक उरत नाही. तुमच्या तक्त्यात ‘शिस्तबद्ध वाहतूक’ म्हणून व्हिएतनामच्या बाजूला बरोबरची खूण आहे. शिस्त आहे, पण गाड्यांची गर्दीही तेवढीच आहे.

वीज म्हणाल तर २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये धरणं आटली आणि कारखान्यांना वीज तोडावी लागली. फर्नेस तापलेली असताना वीज जाणं म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवाल. कंपनीच्या मुलाखतीत त्या उन्हाळ्याबद्दल विचारा, उत्तरावरून कंपनीही कळेल. आणि पूर: २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं शिरोलीजवळ महामार्ग बंद पाडला ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यागी’ वादळ हायफाँग-क्वांग निन्हच्याच किनाऱ्यावर आदळलं, उत्तर व्हिएतनाममध्ये तीनशेच्या आसपास माणसं गेली. पाणी दोन्हीकडं तुमची वाट अडवणार.

आता रेघेच्या खाली.

शाळा. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात ४६९ गुण पडले. श्रीमंत देशांची सरासरी ४७२. भारत त्या चाचणीला २००९ नंतर बसलेलाच नाही. तुम्ही ही ओळ लाल पेनानं अधोरेखित केली असणार, सातवीतल्या मुलीच्या बापानं करावीच. पण ते गुण तिथल्या सरकारी शाळांचे आहेत, आणि त्या शाळा व्हिएतनामी भाषेत चालतात, जिच्यात सूर बदलला की शब्द बदलतो. असे सहा सूर आहेत. तुमची लेक त्या वर्गात बसणार नाही. ती आंतरराष्ट्रीय शाळेत जाईल, जिची फी वर्षाला हजारो डॉलर असते आणि तुमच्या ऑफरमध्ये तिचा उल्लेख नाही. शिवाय दोन वर्षांचा करार संपेल तेव्हा ती नववी संपवून दहावीच्या तोंडावर परत येईल, दोन वर्षांचं मराठी आणि समाजशास्त्र बुडवून. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्यांचं सप्टेंबरमध्ये, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा सांधा जुळणार नाही.

बायकांच्या नोकऱ्या. ही ओळ वाचून मी थोडा वेळ थांबले. व्हिएतनाममध्ये दहातल्या सहा-सात बायका कमावत्या आहेत, जगात हे प्रमाण मोठं मानलं जातं. आपल्याकडं सरकारी पाहणीनुसार दहातल्या चार, आणि त्यातही घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ. पण तुमच्या बायकोला नवऱ्यामागून गेलेली पत्नी म्हणून जो व्हिसा मिळेल त्यावर तिला तिथं नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा वर्क परमिट लागतो, आणि तिथली भाषा न येणाऱ्या मराठी शाळेतल्या बाईंना तो कोण देणार? म्हणजे भारतात कमावत्या बायकांपैकी असलेली तुमची बायको, जिथं जास्त बायका कमावतात त्या देशात जाऊन घरी बसेल.

दवाखान्याचं तसंच. तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आरोग्य विमा आहे. तुमचा हप्ता पगारातून कापला जाईल आणि तुम्हाला तो मिळेल. तुमच्या वडिलांना नाही. ते इथं राहोत की तुमच्याबरोबर येवोत, त्या विम्यात ते बसत नाहीत. जमीन परदेशी माणसाला तिथं घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो, तोही पन्नास वर्षांच्या मुदतीनं. तुमचा तसा विचार नसेल, पण ‘मालमत्ता स्वस्त’ ही ओळ तक्त्यात कशाला ठेवलीय मग?

पैसा मी मुद्दाम मागं ठेवला, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथंच आहे. २,२०० डॉलर म्हणजे आजच्या भावानं दोन लाखांच्या आसपास. तुमच्या ८५ हजारांच्या दुपटीहून जास्त, म्हणून डोळे दिपले. हा आकडा ग्रॉस (कापाकापीच्या आधीचा) आहे की नेट (हातात पडणारा), हे पत्रात नाही. तिथं पगार ठरवताना हा पहिला प्रश्न असतो. ग्रॉस असेल तर चढत्या टप्प्यांनी आयकर जाईल आणि सामाजिक विमा व आरोग्य विम्याचे मिळून साडेनऊ टक्के जातील. (करार संपवून देश सोडताना त्यातला निवृत्तीचा वाटा एकरकमी मागता येतो, तेवढं लक्षात ठेवा.) ढोबळ मानानं एक पंचमांश गेला असं धरलं तर हातात १ लाख ६० हजारांच्या आसपास. आज तुमचे ८५ आणि तिचे ७५ मिळून किती होतात? तेवढेच. म्हणजे सगळं घर उचलून न्यायचं, तिची पेन्शनपात्र किंवा निदान कायमची नोकरी सोडायची, आंतरराष्ट्रीय शाळेची फी भरायची, आणि महिन्याच्या शेवटी आहे तिथंच उभं राहायचं. बाजार स्वस्त आहे, भाडं कंपनी देईल, त्यातून थोडं वाचेल. पण फी त्याला पुरून उरेल.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तिथं जेवणात माशाचा खारा अर्क असतोच, आणि चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहारी खातात, त्यामुळं शाकाहाराचीही सोय होते. मटण म्हणाल तर हनोईच्या खाली निन्ह बिन्हचं डोंगरी बकरं नामांकित आहे. कांदा-लसूण मसाला इथूनच न्या. तांबडा रस्सा जमेल, पांढऱ्याची खात्री मी देणार नाही.

एक गोष्ट कुठल्याच निर्देशांकात नीट बसत नाही. कोल्हापुरात टोल आला तेव्हा गावानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. कदाचित मोर्चात तुम्हीही असाल. वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, सगळे पक्ष, तालीम मंडळं, वकील, रिक्षावाले रस्त्यावर उतरले, आणि शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला. व्हिएतनाममध्येही असंच झालं होतं. २०१७ मध्ये दक्षिणेतल्या तिएन झांग प्रांतात काय लाय नावाच्या नाक्यावर ट्रकवाल्यांनी बारक्या नोटा मोजून देत रांगा लावल्या, वाहतूक ठप्प केली, आणि डिसेंबरमध्ये पंतप्रधानांना तिथली वसुली थांबवायला सांगावं लागलं. पण २०१९ मध्ये उत्तरेतल्या दुसऱ्या एका नाक्यावरच्या आंदोलकांना सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवल्याच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. एकच पक्ष आहे, वर्तमानपत्रं त्याच्या हाताखाली, आणि फेसबुकवर सरकारविरुद्ध लिहिणारे आत जातात. परदेशी इंजिनिअरला रोजच्या जगण्यात याचा काच जाणवत नाही, तिथं राहिलेले बरेच लोक तसंच सांगतील. रात्री रस्ते निवांत, पोरंटोरं बागेत, चहाच्या टपरीवर गप्पा. तुम्हाला फक्त सवय मोडावी लागेल. आपल्याकडं सकाळी चहाबरोबर महापालिकेपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. कोल्हापुरी माणसाच्या राहणीमानात याची किंमत किती धरायची ते तुम्हीच ठरवा. मी बरीच धरते.

वडिलांचं मात्र भावनेवर सोडू नका, घड्याळ लावून बघा. रात्री अकराला छातीत दुखलं तर आज तुम्ही अर्ध्या तासात त्यांना दवाखान्यात पोचवता. हायफाँगहून हनोई, हनोईहून मुंबई, तिथून महालक्ष्मी एक्सप्रेस, तिकिटं मिळाली असं धरूनही दीड दिवस. तुम्ही एकटे गेलात तरी आणि बायको-मुलीला घेऊन गेलात तरी हे अंतर तेवढंच. फरक एवढाच की त्यांनाही नेलंत तर इथं धावपळ करायला कुणी नसेल. मोठा भाऊ कुठं राहतो हे पत्रात लिहिलेलं नाही. तो कोल्हापुरातच असेल तर जर्मनीवर बोलण्यापेक्षा याच्यावर त्याच्याशी बोला: फोन आल्यावर कोण उठणार, गाडी कुणाची, पैसे कुणी ठेवायचे. वडील सत्तरीच्या वर आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कुठल्या दवाखान्यात ते चालतं आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना त्यात आहे का, हे आत्ताच विचारून घ्या. हे तुम्ही गेलात तरी करा, नाही गेलात तरी करा.

मग जावं का? सगळ्यांना घेऊन, या पगारावर, नाही. यात मला शंका नाही.

एकट्यानं, एका वर्षासाठी, वेगळ्या अटींवर? याला मी नाही म्हणणार नाही. हायफाँगच्या पट्ट्यात कोरियन, जपानी, तैवानी कंपन्या आहेत, विनफास्टच्या गाड्यांचा कारखाना तिथंच आहे (त्याच कंपनीनं २०२५ मध्ये तमिळनाडूतही कारखाना सुरू केला). चाळिशीच्या आत अशा ठिकाणी रिजेक्शन (तपासणीत बाद होणारा माल) कसं खाली आणतात हे शिकून आलेल्या माणसाला गोकुळ शिरगाव, कागल, पुणे, कुठंही भाव येईल. हे कारण खरं आहे, आणि माझ्या मते तुमच्या मनातलंही हेच आहे. राहणीमानाचा तक्ता तुम्ही या कारणाला आधार म्हणून उभा केलात. त्याची गरज नव्हती.

त्यासाठी कंपनीला मेल लिहा आणि त्यात मागा: पगार नेट धरून, वर्षाला घरी यायची दोन तिकिटं, घरी आजारपण आलं तर लगेच सुट्टी आणि जाण्यायेण्याचं तिकीट, एका वर्षानंतर दंड न भरता करार सोडायची मुभा, आणि कुटुंब पुढं आलंच तर शाळेची फी. डिग्रीच्या आणि अनुभवाच्या कागदांचं अटेस्टेशन कोण करून घेणार आणि खर्च कुणाचा, तेही लेखी घ्या. वर्क परमिट हातात येण्याआधी टुरिस्ट व्हिसावर बोलावत असतील तर जाऊ नका. आणि जायचं ठरलं तर २८ सप्टेंबरच्या आत निघा. आर्थिक वर्षातले १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात निघाले तर तिथला पगार इथल्या कराच्या हिशोबात येतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण कागद नाचवत बसावे लागतात. सीएला आधीच भेटा.

राहता राहिली एक गोष्ट. तुमच्या पत्रात भाऊ काय म्हणतो ते आहे, वडील काय म्हणतात ते आहे. बायको काय म्हणते ते नाही. तुम्ही एकटे गेलात तर शाळा, लेक, सासू-सासरे आणि रात्रीचा फोन, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर येणार. बरोबर घेऊन गेलात तर तिची नोकरी जाणार, किंवा संस्थेनं मंजूर केली तर बिनपगारी रजेवर राहणार. दोन्हीकडं सर्वात जास्त तिचं बदलतं. तेव्हा तक्त्याची एक कोरी प्रत काढा, मधली रेघ मारा आणि तिच्या हातात द्या. ओळी तिला लिहू देत, तुमच्या ओळी आधी दाखवू नका. तिला कदाचित मधल्या सुट्टीतला डबा लिहावासा वाटेल, कदाचित माहेरचं अंतर, कदाचित ‘जावं, मलाही वर्षभर मोकळं राहायचंय’ असंही. तिला हवे तितके दिवस घेऊ द्या. कंपनीला मेल त्यानंतर पाठवा.